उंदरांच्या सोयरिकी आणि माझी

सुप्याच्या चौकात मी उंदरांच्या बाजूने पत्रकं वाटत होतो, आणि नेमका तेव्हाच आईचा फोन आला की माझं लग्न जवळजवळ ठरलंय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं मला अजिबात वाटलं नाही. पत्रकं वाटत असताना मला तसंही दुसरं काही सुचत नाही.

पत्रक मीच लिहिलेलं. मथळा होता, 'मुक्या जिवांच्या शेपट्या छाटणाऱ्यांचा जाहीर निषेध'. सुप्याच्या पुढे, एमआयडीसीच्या कडेला, एक संशोधन केंद्र आहे. तिथे उंदीर पाळतात, त्यांच्या शेपटीला छेद देतात आणि रक्त किती वेळ वाहतं ते घड्याळ लावून बघतात, असं मला कळलं होतं. ऐकल्याबरोबर माझं डोकं फिरलं. आमच्या संघटनेत मुळात मोजकी माणसं, त्यातली निम्मी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात. त्यामुळे मजकूर लिहिणं, छापून आणणं, वाटणं आणि शेवटी घोषणा देणं, सगळं माझ्याच अंगावर. घोषणेला 'झिंदाबाद' म्हणायलाही दुसरं कुणी नसायचं, तेही मीच म्हणायचो.

शिफ्ट सुटून आलेले कामगार पत्रक घेत होते आणि त्यावर वडापाव ठेवून खात होते. एकाने मात्र ते खरंच वाचलं. म्हणाला, "दादा, आमच्या घरी चला. सोयाबीनचं पोतं फाडलंय त्यांनी. सगळे घेऊन जा तुमच्या संघटनेत."

त्याला उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला.

"कुठं हायस?" आई.

"सुप्यात. आंदोलन आहे."

"बरं झालं. तिथं ती उंदरांची कंपनी हाय ना, तिथंच तुझ्या मामाची पोरगी कामाला हाय. जरा भेटून घे तिला. दिवाळीनंतर बार उडवायचा म्हनतोय मामा. शर्ट बरा घातलायस का?"

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या मिरजगावाकडे, आणि एकूणच आमच्या भागात, मामाची मुलगी ही भाच्याची समजतात. मी हक्कांसाठी भांडणारा माणूस, पण हा हक्क मी कधी मागितला नव्हता. आई मोठी, मामा धाकटा. मुलगी पाळण्यात होती तेव्हाच दोघांनी एकमेकांना शब्द देऊन टाकला होता. मामाचा शेवगावच्या अलीकडे गाईंचा गोठा आहे. मी हाफ चड्डीत होतो तेव्हापासून तो मला 'जावईबापू' म्हणतो. कळायला लागल्यावर मी त्याचा तोंडी निषेध केला, मग लेखी केला. मामाने तो लेखी निषेध दुधाच्या कॅनच्या झाकणाखाली घातला. म्हणाला, झाकण ढिलं होतं, बरं झालं.

म्हणजे ज्यांच्या निषेधाची पत्रकं मी वाटत होतो, त्यातलीच एक माझी होऊ घातलेली बायको होती. मी उरलेली पत्रकं पिशवीत घातली आणि तावातावाने त्या केंद्राच्या गेटवर गेलो. वॉचमनला सांगितलं, मी निषेध करायला आलोय. त्याने वहीत नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "निषेध कुणाकडं करायचाय? म्हणजे आत फोन लावतो."

आत मला एका बोळात नेऊन उभं केलं. समोर मोठी काच. काचेपलीकडे फडताळांवर पारदर्शक पिंजऱ्यांच्या रांगा, आणि पिंजऱ्यांत पांढरे नि काळे उंदीर. बाहेरचा माणूस आपल्या अंगावरून उंदरांना रोगबिग नेईल म्हणून त्याला काचेच्या अलीकडेच थांबवतात. भिंतीवर एक फोन टांगलेला, तसाच एक पलीकडे. तुरुंगात नातलगाला भेटायला गेल्यासारखी सगळी व्यवस्था. फक्त यात कैदी कोण, ते मला ठरवता येईना.

पलीकडे टोपी, मास्क आणि झगा घातलेली एक व्यक्ती आली. डोळ्यांवरून मामाचीच मुलगी. तिने फोन उचलला.

"काय पुढारी, मुलगी बघायला आलात की निषेध करायला?"

"निषेध करायला."

"मग ठीक आहे. पहिलं असतं तर बोलले नसते."

मी पत्रक काचेला चिकटवून धरलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. वडापाव न ठेवता पत्रक वाचणारी त्या दिवसातली ती दुसरी व्यक्ती. म्हणाली, "शेपटी छाटत नाही आम्ही. पिल्लांच्या शेपटीचं अगदी टोक घेतो, तपासायला. मोठ्यांना गुंगी देऊन शेपटीला बारीक छेद देतो आणि टिपकागदावर रक्त टिपत बसतो. काम संपलं की काही उंदीर मारतोही. तेवढं तुझ्या पत्रकात राहिलंय, ते घाल."

मला भांडायला समोरचा माणूस थापा मारणारा लागतो. जो आपणहून सगळं सांगून टाकतो त्याच्याशी कसं भांडायचं याचा मला सराव नव्हता. तरी मी म्हणालो, "कशासाठी पण? उंदराचं रक्त किती वेळ वाहतं हे कळून कुणाचं भलं होणार आहे?"

"तुझ्या भाषेत सांगते," ती म्हणाली. "डेंगूत ज्या कमी होतात आणि नातेवाईक पपईची पानं शोधत फिरतात, त्या प्लेटलेट माहीत आहेत ना? त्या म्हणजे रास्ता रोकोला आलेली माणसं. कुठे जखम झाली, रक्त बाहेर पळायला लागलं, की सगळ्या धावत येतात. पण नुसतं रस्त्यावर येऊन गाडी अडत नाही. मध्ये दोर धरावा लागतो आणि तो सगळ्यांनी हाताने घट्ट पकडावा लागतो. तो हात म्हणजे मी अभ्यासते ते प्रोटीन. प्लेटलेटच्या अंगावर असतं."

"आणि या उंदरांना?"

"यांच्यात तो हात बनवायची सूचनाच काढून टाकलेली आहे. अगदी जन्माच्या आधीपासून. नॉकआऊट म्हणतात यांना. यांच्या प्लेटलेट येतात सगळ्या, रस्त्यावर उभ्याही राहतात, पण दोर धरायला हात नाहीत. गाड्या मधून निघून जातात."

"आमच्या संघटनेसारखं."

"ते मी बोलले नाही."

मी त्या उंदरांकडे बघितलं. काही वेगळे दिसत नव्हते. कागदाच्या कपट्यांचं घरटं करून त्यात गुरफटून बसले होते. एक जण मिशा साफ करत होता. त्याला आपल्यात काय कमी आहे याचा पत्ता नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं आणि मी ते बोललो. हेही सांगितलं की तुझं सगळं ऐकूनही मला हे पटलेलं नाही.

"पटू नयेच पटकन," ती म्हणाली. "ज्याला पटकन पटतं त्याला मी उंदराला हात लावू देत नाही."

मग तिने एक पिंजरा काचेजवळ आणला. आत एक जोडपं होतं, मादी फुगायला लागलेली. "ही माझी सोयरीक," ती म्हणाली. "इथल्या सगळ्या सोयरिकी मीच जमवते. पत्रिका शेपटीच्या टोकात असते. ही दोघं वरून धडधाकट आहेत. त्या सूचनेच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. या दोघांकडे एकेक चांगली, एकेक कोरी. एका चांगल्या प्रतीवर काम भागतं, म्हणून यांना काहीच होत नाही. पण पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक मिळते. दोन्हीकडून कोरीच आली, तर ते माझ्या कामाचं पिल्लू."

"किती निघतात तशी?"

"सरासरीने चारात एक. पण उंदरांनी गणित वाचलेलं नसतं. कधी एकही निघत नाही, कधी ओळीने निघतात."

"आणि ही दोघं नात्यातली आहेत का?"

"भावंडं आहेत. तुझ्यामाझ्यापेक्षा थोडं जवळचं."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. काचेपलीकडचा नर आमच्याकडे बघत होता.

मग ती हळू आवाजात बोलली. दिवाळीनंतर लग्न झालं की उंदीरबिंदीर बंद, मिरजगावला संसार, असं मामाने तिला सांगून टाकलं होतं. तिचं काम ऐन मध्यावर होतं. ती फुगलेली मादी व्याली की खरा प्रयोग सुरू व्हायचा होता, आणि मामाची मुलगी काम सोडून गेली तर हा वाण सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. वाण बंद झाला असता. "वर्षं गेली आहेत माझी यात," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. राग होता, आणि राग मला लगेच ओळखू येतो.

"आणि आणखी एक आहे," ती म्हणाली. "धाकटे काका आठवतात?"

आठवणं शक्य नव्हतं. आईचा आणि मामाचा शेवटचा भाऊ, आमच्या दोघांच्या जन्माआधीच गेलेला. माझा एक मामा, जो कधी मोठा झालाच नाही. त्याचा दुधाचा दात पडला, हिरडीतून रक्त सुरू झालं आणि थांबलंच नाही. त्याआधीही त्याचा घोळणा सारखा फुटायचा, साध्या खरचटण्यावरही काळेनिळे डाग उठायचे. घरच्यांनी दृष्ट काढली. नगरला नेईपर्यंत उशीर झाला. आजी ही आजोबांची मामेबहीणच होती, हे मला माहीत होतं. पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

"खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, काका तपासायला उरलेले नाहीत," ती म्हणाली. "पण मी पुण्याला डॉक्टरांकडून माझी तपासणी करून घेतली. माझ्याकडे एक प्रत कोरी आहे. मला काही होत नाही, होणारही नाही. तुझ्याकडेही कोरी असली तर आपण दोघं म्हणजे हा पिंजरा."

मी ताबडतोब म्हणालो की मी पत्रक काढतो. 'मामाच्या मुलीशी लग्न: एका घातक प्रथेचा पंचनामा'.

"आप्पा वाचलेल्यावर विश्वास ठेवत नाहीत," ती मामाबद्दल म्हणाली. "गाय घेताना कागद बाजूला सारतात आणि दात बघतात. त्यांना इथे आणायला हवं. आणि तू तपासणी करून घे."

मी पुण्याला जाऊन रक्त दिलं. निकाल यायला वेळ होता. तिने मामाला आणि माझ्या आईला फोन करून सांगितलं की एकदा माझं काम बघायला या. आमच्याकडे मुलीने आपणहून घरच्यांना आणि सासरच्यांना बोलावलं याचा एकच अर्थ होतो. ठरल्या दिवशी मामा फेटा बांधून आला. आई नवं लुगडं नेसून, हातात नारळ, पेढ्यांचा पुडा आणि ओटीचं सामान घेऊन आली. मामाच्या खिशात सुपारी होती. ते केंद्राच्या बोळात सुपारी फोडायला आले होते.

वॉचमन अडून बसला. "नारळ आत नेता येणार नाही."

"अहो, शुभकार्य हाय," मामा म्हणाला.

"आत उंदीर आहेत."

"मग त्यांचंबी शुभ व्हईल."

शेवटी नारळ, पेढे आणि ओटी वॉचमनच्या टेबलावर ठेवली. सुपारीबद्दल मामा बोललाच नाही. बुटांवर कापडी पिशव्या चढवून दोघं काचेसमोर आली. फोन एकच, माणसं तीन; कान जवळ नेला की पलीकडचं बोलणं ऐकू यायचं. आईने पहिल्यांदा पकडला आणि बराच वेळ सोडला नाही.

"अगं, लई बारीक झालीस," आई काचेला म्हणाली. "आन् या उंदरांचे कान टोचल्यात का?"

"खाच मारली आहे, आत्या. कोण कोणता ते ओळखायला."

"बरं केलं. कान टोचलेलं बरं असतं."

मग तिने सगळं सांगितलं. गुंगी दिलेल्या दोन उंदरांच्या शेपट्यांचे टिपकागद तिने आधीच तयार ठेवले होते. साध्या उंदराच्या कागदावर थोडेसे ठिपके होते आणि मग कोरी जागा. नॉकआऊटच्या कागदावर ठिपक्यांची रांग काठापर्यंत गेली होती, शेवटी तिने दाबून बंद करेपर्यंत. तिने कागद काचेला लावले. दोन प्रती, एक कोरी, चारात एक, सगळं सावकाश. आई फोनवर ऐकायची आणि मामाला आपल्या भाषेत सांगायची. शेवटी तिने निर्णय दिला.

"म्हंजी चारातली तीन चांगली निघत्यात. मग वाईट काय हाय त्यात? आपल्या बोअरवेलला तरी एवढी खात्री असती का?"

माझी आई वादात हरत नाही. माझ्यात जे आहे ते तिच्याकडूनच आलंय, कोऱ्या प्रतीबद्दल तेव्हा माहीत नव्हतं. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, पण काचेपलीकडून तिने हात वर केला.

"आत्या, तुम्ही भावंडं किती?"

"आमी? मी, हा, तुजी धाकटी आत्या..." आई बोटं मिटत मोजत होती. चौथ्या बोटाशी थांबली. ते बोट तिने मिटलंच नाही. धाकट्याला तिने कडेवर वागवलं होतं, हे तिने मला कधीतरी सांगितलं होतं. दात पडला तेव्हा तो तिच्याच मांडीवर होता, हे मला त्या दिवशी मामाकडून कळलं.

आईने फोन मामाच्या हातात दिला.

मामा खाकरला. "हे बघ पोरी, ती देवाची करनी. उंदरावरनं मानसाचं ठरवायचं न्हाई."

"बरं. गाईवरनं ठरवू," ती म्हणाली. "आप्पा, गाय भरवायला डॉक्टर येतो तेव्हा तुम्ही वळू कोणता ते विचारता ना?"

"इचारतो की. वळूच्या रेताची कांडी बघितल्याबिगर हात लावू देत न्हाई."

"आपल्या कपिला गाईची कालवड माजावर आली. तिच्या बापाची कांडी भरवाल?"

"येडी का काय? पिढी बिघडंल की."

"बाप नको. बापाच्या भावाची?"

"तीबी नको. लांबचं रगत आनावं लागतं. त्याबिगर..."

मामा बोलता बोलता थांबला. स्त्रीची गुरांशी तुलना हा आमच्या पत्रकांतला निषेधाचा कायमचा मुद्दा आहे, पण ती तिने स्वतःच केली होती आणि ती लागू पडत होती, त्यामुळे मी तो मुद्दा तेवढ्यापुरता मागे घेतला. मामाने फेटा मागे सारला. काचेतल्या फुगलेल्या मादीकडे बराच वेळ बघत राहिला. गाभण जनावराकडे तो असाच बघतो, पोटाच्या बाजूने.

"कधी व्यायची ही?" त्याने विचारलं.

"आठवडाभरात."

"हं." मग तो फोन तसाच हातात धरून माझ्याकडे वळला. "भाचे," तो म्हणाला, "चला."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून 'जावईबापू' सोडून दुसरं काही ऐकलं. माझी एक मोहीम पूर्ण यशस्वी झाली होती. पत्रक न काढता. एसटीत मामाने खिशातली सुपारी काढली, अडकित्त्याने फोडली, अर्धी आईला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. पेढे वॉचमनकडेच राहिले होते.

गोष्ट इथे संपली असती तर मी तिचं पत्रक काढलं असतं.

पण मादी व्याली आणि त्याच आठवड्यात माझा निकाल आला. मी पुन्हा त्या काचेपुढे उभा राहिलो. मधल्या काळात मी तिकडे दोनतीनदा गेलो होतो आणि एकदाही पत्रकं नेली नव्हती, हे माझ्या आधी वॉचमनच्या लक्षात आलं होतं. काचेपलीकडे घरट्यात गुलाबी, शेंगदाण्याएवढी पिल्लं वळवळत होती. मी फोनवर सांगितलं, "माझ्याकडे दोन्ही प्रती चांगल्या आहेत."

"चांगलं झालं की."

"म्हणजे आपलं लग्न झालं असतं तरी कुणाला काही झालं नसतं."

"काही नाही. फार तर एखाद्या पोराकडे माझी कोरी प्रत गेली असती."

"मग घरी सांगायचं?" मी विचारलं. जरा जास्तच लवकर विचारलं असावं, कारण तिने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

"सांगायलाच हवं," ती म्हणाली. "लपवलं तर तुझ्या पत्रकांना काय अर्थ राहिला? पण पुढारी, मला हे लग्न नकोय. तुझ्याकडे कोरी प्रत असती तरी नको होतं आणि नसली तरी नकोय. मला ही पिल्लं मोठी करायची आहेत. हे मी आप्पांना सरळ सांगायला हवं होतं, यांच्या आडून नाही."

मी 'बरोबर आहे' म्हणालो. बरोबरच होतं. स्त्रीच्या निर्णयस्वातंत्र्यावर मी स्वतः पत्रक लिहिलेलं आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द मला मान्य आहे. त्या दिवशी बोळात उभा असताना तो फक्त थोडा टोचला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं शेवगावला गेलो, वेगवेगळ्या एसटीने. मामा गोठ्यात धार काढत होता. आधी मी माझा निकाल सांगितला. मामाचा चेहरा उजळला, तो 'जाव' पर्यंत आलाही होता. मग ती बोलली. उभ्या उभ्याच, कासेपाशी, एका दमात. काम अर्ध्यावर आहे, ते सोडणार नाही, सध्या कुणाशीच लग्न करायचं नाही, भाच्याशीही नाही.

मामाचे हात थांबले. चरवीत पडणारी धार थांबली. गाईने मागे वळून बघितलं.

"एवढंच सांगायचं हुतं," मामा म्हणाला, "तर मला उंदीर कशापायी दावले?"

"नुसतं सांगितलं असतं तर ऐकलं असतं का?"

मामाने विचार केला. खोटं बोलणं त्याला जमत नाही, म्हणून वेळ लागला.

"न्हाई," तो म्हणाला, आणि पुन्हा धार काढायला लागला. थोड्या वेळाने खाली बघतच त्याने विचारलं, "त्या मादीची पिल्लं कशी हायत?"

"छान आहेत."

"चारात एक निघालं का?"

"शेपटी तपासायची आहे अजून."

"निघालं की कळव."

त्याने चरवी माझ्या हातात दिली. "भाचे, आत ठेवा. सांडू नका." मी ती दोन्ही हातांनी धरून घरात नेली.